भार सोडलेला माणूस

मी काय शिकले हे आमच्या गावात अजून कोणाला धड कळलेलं नाही, आणि त्यात गावाचा काही दोष नाही. बोर्ली पंचतनच्या बाजारात कोणी विचारलं की मी सांगते, वैद्यकीय चित्रकला. समोरचा म्हणतो, म्हणजे डॉक्टर. मी म्हणते, नाही, डॉक्टरांसाठी आणि आजाऱ्यांसाठी चित्रं काढते; हाडांची, स्नायूंची, ऑपरेशनची. तो जरा विचार करतो आणि म्हणतो, म्हणजे एक्स-रे. तिथे मी हात टेकते आणि हो म्हणून कोथिंबीर पिशवीत टाकते.

हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तिकडे पुण्याजवळ. आमच्या वर्गात मोजकी मुलं. बहुतेक दातांचे डॉक्टर, ज्यांना दात सोडून काहीही करायचं होतं, आणि एक मी, आर्ट स्कूलमधून आलेली, जिला पहिल्या दिवशी जठर कुठल्या बाजूला असतं तेही सांगता आलं नव्हतं. पहिलं वर्ष शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये गेलं. आत शिरताना देहाला नमस्कार करायचा, मग स्टूल ओढून चित्र काढत बसायचं. वर्गातल्या जिवंत मुलांशी माझी जेवढी ओळख झाली त्याहून जास्त टेबलावरच्यांशी झाली. ते घाईत नसायचे. आणि एक गोष्ट मी तिथे पाहून ठेवली होती, की मेलेला माणूस टेबलावर जसा पडलेला असतो तसा जिवंत माणूस कधीच पडत नाही. जिवंत माणूस झोपेतसुद्धा स्वतःला थोडा धरून असतो.

दुसऱ्या वर्षी एकच मोठा प्रकल्प करायचा असतो आणि तो कुठेही बसून करता येतो, म्हणून मी घरी आले. लोकांना सांगितलं, बाबा एकटे आहेत ना. खरं म्हणजे तिकडे मीही एकटीच होते. एकटंच राहायचं तर निदान समुद्राचा आवाज येईल अशा घरात राहावं, एवढाच माझा विचार. तो आवाज येतो तोही आमच्या वाडीतली घरं बंद असतात म्हणून. गणपतीला आणि शिमग्याला कुलपं निघतात, पोरंबाळं दिसतात, स्पीकर वाजतो, मग सगळे परत मुंबईला. शनिवारी दिवेआगरला जाणाऱ्या गाड्या खालच्या रस्त्याने धूळ उडवत जातात, त्यातलं कोणी आमच्याकडे मान वळवून बघत नाही. बघावं असं आहे तरी काय म्हणा.

घरात मी आणि बाबा. बाबांचं नाव कोंडाजी. पंचवीसेक वर्षं त्यांनी कांदिवलीला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनगिरी केली आणि मग भात लावायला परत आले. पण गेट काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. अजूनही पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसूनच झोपतात. मांजर पायरी चढलं तरी डोळे न उघडता "कोन?" म्हणतात. आत खाट आहे, गादी आहे. आई होती तेव्हा ती ओरडून त्यांना आत आणायची. आता ओरडणारं कोणी नाही. मी ओरडून पाहिलं, पण मुलीचं ओरडणं वेगळं असतं, त्याला ते "व्हय व्हय" म्हणतात आणि तिथेच बसून राहतात.

आमचं दिवसभरातलं बोलणं सांगायचं तर, जेवलीस का, जेवले, मंग बरं. चहा ते माझ्या टेबलावर बशी झाकून ठेवतात आणि हाक न मारता जातात. मला बऱ्याचदा तो गार झाल्यावर सापडतो. ते रागीट नाहीत, तऱ्हेवाईकही नाहीत. आमच्यात पद्धतच तशी आहे. पोर मोठी झाली की बाप तिच्यापासून दोन हात लांब राहायला लागतो, आणि मग ते दोन हात कमी कसे करायचे हे दोघांनाही कळत नाही. आई एका दुपारी कपडे वाळत घालता घालता गेली. कोणाला उचलायची, धरायची, पाणी पाजायची संधीच तिने दिली नाही. तिला उचललं ते चौघांनी, तिरडीवर, आणि त्यात मी नव्हते. मला खूप राग आला होता तेव्हा. अजूनही येतो.

तर माझा प्रकल्प. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला घरच्यांनी कसं सांभाळायचं, त्याची चित्रपुस्तिका. कुशीवर कसं वळवायचं, भरवायचं कसं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे निजलेल्या माणसाला उठवून खाटेच्या कडेला कसं बसवायचं. मजकूर जवळजवळ नाहीच, कारण ज्या घरांत पुस्तिका जाणार तिथे वाचायला सवड कोणाला. चित्रं बघूनच सून, मुलगी, नवरा जे काय ते शिकणार. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टनी ती छापून घ्यायचं कबूल केलं होतं.

अशी चित्रं मनाने काढायची नसतात. आधी माणसांना तसं उभं करायचं, निजवायचं, फोटो घ्यायचे, आणि त्यावरून चित्र. वर्गातली मुलं घरच्यांना कामाला लावतात. माझ्याकडे मी होते. मोबाइल तांदळाच्या डब्यावर टेकवायचा, टायमर लावायचा, पळत जाऊन खाटेवर पडायचं आणि लुळं व्हायचं. मग उठून ओढणी बदलायची, परत टायमर, आता खाटेशेजारी वाकायचं आणि हवेला उचलायचं. नंतर संगणकावर दोन्ही फोटो एकमेकांना जोडायचे. आजारी मी, सून मी, भरवणारी मी, भरवून घेणारी मी. मला ते फार हुशारीचं वाटत होतं. चेहरे बदलले की झालं, कोणाला कळतंय.

मृणाली मॅडमना कळलं. त्या माझ्या मार्गदर्शक. इथे घरात रेंज येत नाही, म्हणून मी मागच्या टेकाडावर काजूखाली बसून त्यांना व्हिडिओ कॉल करायची. त्या दिवशी त्यांनी सगळी चित्रं शांतपणे पाहिली, रेषेचं कौतुक केलं, रंगांचं केलं, आणि मग आजाऱ्याला उठवून बसवायच्या चित्राशी थांबल्या. तिथून पुढे सरकेनात. मला वाटलं रेंज गेली.

"प्राप्ती, यात कोणी कोणाला धरलेलंच नाहीये," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हात तर खांद्याला लावलाय. त्या म्हणाल्या, लावलाय, धरलेला नाही. धरलं की बोटं फाकतात, कातडी दबते, गादी खचते, धरणारीचा गुडघा वाकतो, तिची मान आखडते. तुझ्या चित्रातल्या दोघी शेजारी शेजारी तरंगतायत. आणि हा दुसरा हात तर तू तिच्या मनगटाला घातलायस. लुळा हात मनगटाला धरून ओढला तर खांदा सांध्यातून सुटतो, हे तुला मी सांगायचं का? कोणाची तरी मुलगी हे चित्र बघून आईचा हात ओढेल. मग त्यांनी विचारलं, पोझला कोण होतं. मी म्हटलं, मीच. दोघी? दोघी.

पुढच्या सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. हे एक चित्र झालं नाही तर प्रकल्प अपुरा, आणि प्रकल्प अपुरा म्हणजे पदवी पुढच्या वर्षावर. मॅडमनी ते स्पष्ट सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, एक माणूस शोध गं, एवढं काय अवघड आहे.

टेकाडावरून उतरताना मी मोठ्याने एकटीच भांडत होते. एक माणूस शोध म्हणे. इथे येऊन शोधून दाखवा म्हणावं.

आधी मी माणूस न शोधता भाताचं पोतं शोधलं. झोडणी नुकतीच झाली होती, पडवीत पोती लागलेली होती. एकाला बाबांचा सदरा घातला, खाटेवर आडवं केलं आणि उचललं. गुडघा वाकला, मान आखडली, बोटं फाकली, सगळं मॅडमच्या म्हणण्याबरहुकूम. पण फोटो बघितला तर मी भाताचं पोतं उचलत होते. पोत्याला कुठूनही धरा, त्याला दुखत नाही, आणि त्याला दुखणार नाही हे माझ्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

मग शेजारच्या ठमीकाकूंकडे गेले. वाडीत आमच्या बाजूला उघडं असलेलं ते एकच घर. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नाही म्हणाल्या. त्यांची सून पोटुशी, सातवा लागलेला. अशात धडधाकट माणसाने आजाऱ्याचं सोंग घेऊन निजायचं म्हणजे आपल्या हाताने दुखणं घरात बोलावणं. मी म्हटलं, काकू, हे शिक्षणासाठी आहे. त्या म्हणाल्या, "दुखन्याला काय ठावं, शिक्षनासाठी हाय का कशासाठी." मी कप विसळून ठेवला आणि घरी आले.

राहता राहिले बाबा. ते अगदी पहिल्यापासून राहिलेलेच होते, फक्त मी त्यांच्यापर्यंत पोचायला एवढी वळणं घेतली होती. त्यांना धरायचं, या विचारानेच मला अवघडल्यासारखं होत होतं. हॉलमधल्या परक्या देहांच्या बरगड्या मी न कचरता चाचपल्या होत्या, पण स्वतःच्या बापाच्या खांद्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. संध्याकाळी जेवताना मी ताटाकडे बघत म्हटलं की मला चित्रासाठी एक आजारी माणूस हवाय.

ते म्हणाले, कोन आजारी हाय?

मी म्हटलं, कोणी नाही, तोच तर घोळ आहे. आणि मग सगळं सांगितलं, मॅडम काय म्हणाल्या, सोमवार, परीक्षक, खांदा सांध्यातून सुटणं. त्यांनी भात संपवला, ताक प्यायले, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि पडवीत जाऊन बसले. हो नाही, काही नाही. मी इतकी चिडले की भांडी आदळत घासली. मनात म्हटलं, बरोबरच आहे, या घरात आपणच आपल्याला धरायचं आणि आपणच पडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत खाटेशी टायमरचा खेळ मांडला होता. दारात पावलं वाजली. बाबा आंघोळ करून आले होते. ठेवणीतला पांढरा सदरा, वरपर्यंत सगळी बटणं लावलेली, केसांना खोबरेल तेल, डोक्यावर टोपी. क्षणभर मला वाटलं कुठे लग्नाला निघालेत.

"फोटू काढायचा म्हनालीस ना," ते म्हणाले.

आजारी माणूस इस्त्रीचा सदरा घालत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला होती. टोपी तेवढी काढायला लावली. ती त्यांनी उशाशी नीट ठेवली आणि खाटेवर निजले. निजले म्हणजे काय, आडवे उभे राहिले. टाचा जुळलेल्या, हात अंगालगत, नजर आढ्याकडे. सोसायटीचा चेअरमन समोरून जातोय अशी एकूण तऱ्हा.

मी सांगितलं, तुमची डावी बाजू गेलीये. डावा हात तुमचा नाही, पायही नाही. मी उठवेन, तुम्ही काही करायचं नाही. ते म्हणाले, बरं. मी टायमर लावला, त्यांना कुशीवर घेतलं, पाय खाटेखाली सोडले, एक हात त्यांच्या पाठीमागून खांद्याच्या फऱ्याखाली घातला, दुसरा कमरेला. आणि मी जोर लावायच्या आत ते उठून बसलेसुद्धा. मोबाइलने फोटो काढला. माझा हात त्यांच्या पाठीला नुसता टेकलेला. पुन्हा तेच तरंगणं.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही स्वतः उठताय. ते म्हणाले, मंग तू उचलशील व्हय मला? मी म्हटलं, तेच तर करायचंय. परत निजवलं. परत ते उठले. परत. दर वेळी मी म्हणायची, भार सोडा, आणि ते म्हणायचे, सोडला की. सोडलेला नसायचा. पाठ फळीसारखी ताठ, मान उशीवर टेकलेलीच नाही, उशीला खळगासुद्धा पडला नव्हता. माझे हात दुखायला लागले, ऊन खिडकीतून सरकून गेलं, उजेड जाईल म्हणून माझा जीव वरखाली, आणि शेवटी माझा नेहमीचा तोल गेला.

मी म्हटलं, "तुम्हाला कधी कोणी धरलंच नाही का हो?"

बोलून गेले आणि वाटलं, जीभ चावावी. बाबा आढ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील, टोपी घालतील आणि जातील.

"कोन धरनार?" ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, मी विचारलं म्हणून ते सांगत होते. "गेटावर एकटाच असायचो. तुझी आय गेली तवा सगळ्या बाया तुला धरून व्हत्या. मी हितं दारात उभा व्हतो. कोन आलं न्हाय. बाप्या मानसाला काय, तो उभा ऱ्हातो."

मी त्या दिवशी त्यांना पाहिलंच नव्हतं. खरंच सांगते, मला आठवून बघूनही ते दिसत नाहीत. कोणाकोणाच्या कुशीत रडले ते सगळं आठवतं, काकूंच्या पदराला येणारा कांद्याचा वास आठवतो, पण दारात कोण उभं होतं ते आठवत नाही. मला रडायला आलं, आणि त्यांच्यासमोर रडायची सवय नसल्याने मी उठून मोबाइलशी गेले, उगाच काच पुसली, टायमर लावला आणि म्हटलं, एकदा परत करू या.

कुशीवर घेतलं. पाय खाली सोडले. हात फऱ्याखाली, दुसरा कमरेला. मी काहीच बोलले नाही, भार सोडा असंही म्हटलं नाही. आणि उचलायला गेले तर ते आले. सगळेच्या सगळे आले, एकदम, न सांगता. माझा पाय जमिनीवरून सरकला, गुडघा खाटेच्या कडेवर आपटला, बोटं फाकून त्यांच्या सदऱ्यात रुतली, आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन पडलं. एवढा जड माणूस मी फक्त हॉलमध्ये टेबलावर पाहिला होता. पण हा ऊन होता. श्वास माझ्या मानेला लागत होता, खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि सदऱ्याच्या आत माझ्या तळव्याखाली त्यांचा खांद्याचा फरा, जो मी हजार वेळा कागदावर काढला असेन, तो श्वासाबरोबर वर खाली होत होता.

मोबाइलने टिक् केलं.

त्या फोटोचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मागे राहणार नाही. चित्र मी दोन दिवसांत केलं. अशा चित्रातला रुग्ण कोणी ठरावीक माणूस असून चालत नाही, म्हणून बाबांची पाठ, बाबांचा दंड आणि बाबांची खचलेली मान मी एका चापूनचोपून नऊवारी नेसलेल्या बाईला देऊन टाकली, आणि माझे हात तिच्या सुनेला. मॅडमनी बघून लिहिलं, आता धरलंय. परीक्षकांनी काही विचारलंसुद्धा नाही, पुढच्या चित्राकडे गेले. पदवी मिळाली. दवाखान्याच्या भिंतीवर ते चित्र लागलंय आणि त्यातलं कोण कोण आहे हे कोणाला ठाऊक नाही.

पण तेव्हा, त्या दुपारी, टिक् झालं तेव्हा बाबा माझ्या खांद्यावर तसेच होते. काम झालं होतं. टायमर एकाच फोटोचा होता, मी परत लावल्याशिवाय मोबाइल काही करणार नव्हता. तो फोटो नुसता बघितला असता तरी कळलं असतं की हवा होता तो हाच. दंडातून मुंग्या यायला लागल्या होत्या. बाहेर रस्त्याने एक गाडी गेली, मग ठमीकाकूंच्या कोंबड्या ओरडल्या, आणि मग पुन्हा काही नाही.

"झाला का फोटू?" बाबांनी माझ्या खांद्यातच विचारलं.

मांजर पायरी चढलं तरी ज्यांना कळतं, त्यांना ती टिक् ऐकू आली नसेल असं मी म्हणणार नाही.

"न्हाय," मी म्हटलं. "अजून न्हाय झाला."

"बरं," ते म्हणाले, आणि उठले नाहीत.